पहिली मजल रिकामी

बापू गेल्यानंतर मला एक स्वप्न पडायला लागलं. ते फक्त आमच्या बंजारा तांड्यावर झोपले तरच पडायचं. यवतमाळला, कॉलेजजवळच्या माझ्या घरात, कधीच नाही. स्वप्नात घडायचं काही नाही. पहाटेचं धुकं असायचं, सपरीत, घरापुढच्या छपराखाली, मोटरसायकल सुरू असायची आणि बापू तिच्याशेजारी उकिडवे बसून, डोळे मिटून ऐकत असायचे. सुरुवातीला एक किणकिण व्हायची, पैंजणातलं एखादं घुंगरू सैल झाल्यासारखी. मग ती विरायची आणि नुसती घरघर उरायची. थोड्या वेळाने तीही थांबायची. मी जागी व्हायचे तेव्हा घरभर चहाचा वास असायचा आणि याडी अंगण झाडत असायची.

आईला आम्ही याडी म्हणतो. तिला मी हे स्वप्न कधी सांगितलं नाही. जिचा माणूस गेला तिला, तो मला दिसतो, असं सांगणं म्हणजे तिच्या ताटातला घास उचलणं वाटायचं. म्हणून मी दर शनिवारी घाटंजीची एसटी धरून तांड्यावर यायचे, रविवारी पहाटे स्वप्न पाहायचे आणि संध्याकाळी परत जायचे.

मोटरसायकल मात्र खरी होती. दिवाळीनंतर बापूंनी ती नागपूरच्या एका निवृत्त डॉक्टरकडून घेतली होती. परदेशी बनावटीची, मोठ्या टाकीची, दोन सिलिंडरची, रेडिएटरच्या पाण्यावर थंड होणारी. लांबच्या प्रवासासाठी केलेली आणि बरीच वर्षं एका बंगल्यात उभी राहिलेली. मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. कापूस आणि तूर पिकवणाऱ्या, सत्तरीला टेकलेल्या माणसाने असलं वाहन घ्यावं, याचं तांड्याला हसू आलं. बापूंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी याडीला त्या पेट्या दाखवल्या.

"ह्या पाय, गंगे. गोण्या होय ह्या."

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर दोन्हीकडे गोण्या लादून देशभर फिरायचे. त्याला लदेणी म्हणत. धान्य घेऊन जायचं आणि समुद्राकडून मीठ आणायचं. बापूंनी समुद्र पाहिला नव्हता. "मीठ कोठून येत होतं थे एकडाव पाहून येतो," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

बैलांच्या बाबतीत त्यांचा शब्द आसपासच्या गावांत चालायचा. बाजारात कोणी बैल घ्यायला निघाला की धावजी राठोडला सोबत न्यायचा. ते बैलाचे दात नंतर पाहत. आधी डोळे मिटून श्वास ऐकत. आणि घरी आणलेल्या नव्या बैलाला त्यांचा एक नियम होता. तो त्यांच्या आजाकडून आला होता आणि आजाला लदेणीकडून. पहिली मजल रिकामी. जनावर घरी आलं की त्याला एक पूर्ण मजल, एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंत, पाठीवर काही न ठेवता चालवायचं. ओझ्याखाली सगळेच बैल धापा टाकतात. रिकाम्याने चालताना जो धापतो, त्याच्यात खोट.

मोटरसायकलही त्यांनी नागपूरहून चालवत आणली नाही. पिकअपमध्ये उभी करून आणली. पहिल्या मजलीसाठी त्यांना निवांत दिवस हवा होता. तो आलाच नाही. थोड्याच दिवसांत त्यांच्या छातीत दुखलं आणि ते गेले.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी मी तांड्यावर पोचले तेव्हा सपरीत दोन माणसं मोटरसायकलपुढे वाकून उभी होती. एक सेवादासकाका, बापूंचे धाकटे भाऊ. दुसरा रूपसिंग. त्याचं घाटंजीत गॅरेज आहे आणि त्याचे वडील बापूंचे सोबती होते.

"ये, संगीता," काका म्हणाले. "ये अन् पाय तुह्या बापाचा चहा."

इंजिनाच्या खालच्या अंगाला तेल पाहायची एक छोटी गोल काच होती. रूपसिंगने मोटरसायकल सरळ धरली आणि काच पुसली. आत काळसर तेल दिसायला हवं होतं. दिसत होता दूध घातलेला, साय धरलेला चहा.

"तेलात पाणी गेलं, ताई," रूपसिंग म्हणाला. "ह्या मॉडेलची जुनी खोड हाये. आत वॉटर पंपाचं सील राह्यते. गाडी वरसानुवरस उभी राह्यली का थे सुकते. मंग रेडिएटरचं पाणी तेलात उतरते."

मला ते ठाऊक होतं. बापूंनी गाडी घेतली तेव्हा मीच तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. या इंजिनाच्या तीन खोडी साऱ्या जगाला माहीत होत्या: थंड असताना वाजणारी टायमिंगची साखळी, बॅटरी चार्ज करणारी जळकी कॉइल आणि हे सील. पहिल्या दोन्ही चालवून घेता येतात. तिसरी दिसली की इंजिन उघडायचं, असं सगळ्यांनी लिहिलं होतं. मी हे बापूंना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "मी आयकलं इंजिन. साखळी वाजते. पाणी काई वाजत नाई."

"उघडावं लागेल?" मी विचारलं.

"उघडाले उघडतो. पन सील पुण्या-मुंबईहून कवा येईल सांगता येत नाई. अन् आत बेअरिंग खराब झाली असली त मंग..." त्याने वाक्य सोडलं. "नागपूरचा एक जन हाये. जुन्या गाड्या पार्टसाठी घेते. सोमवारी त्याची पिकअप पांढरकवड्याले येऊन राह्यली. इकडून नेईल म्हणे."

"देऊन टाका," काका म्हणाले. "साऱ्या तालुक्याचे बैल पारखले भाऊनं, अन् आखरीले लोखंडानं फसवलं."

"फसवलं म्हणू नका, काका. खोडच हाये त्या मॉडेलची."

"अरे, खोड मालूम असून घेतला त फसलाच न! मले संग नेलं असतं त म्या घेऊ देलं असतं काय? पन नाई. एकटा गेला. एकटा आला. अन् एकटाच..." काकांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली आणि काही न घेताच बंद केली.

घरात याडी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याजवळ बसले. शेंगा फुटण्याचा बारीक आवाज येत राहिला.

"फसले असतील काय थे?" तिने विचारलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"माहीत नाही, याडी."

"सारा तांडा म्हणून राह्यला. मी पान्याले गेली का आयकाले येते. धावजीचा कान गेल्ता म्हणते आखरीले." तिने एक शेंग हातात घेतली आणि सोलली नाही. "गाडी गेली त जाऊ दे. पन फसल्याचा बोल त्याईच्या नावावर नको."

मलाही तेच वाटत होतं. मोटरसायकल मला काय करायची होती? पण ती आता पिकअपमध्ये चढून गेली असती तर बापूंच्या आयुष्यातलं शेवटचं वाक्य 'फसला' हे राहिलं असतं, आणि ते खोडायला तांड्यात कोणी उरलं नसतं.

त्या रात्री मी फोनवर पुन्हा तेच वाचत पडले. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्याच गोल काचेबद्दल लिहीत होती. एकाने लिहिलं होतं, माझ्या वडिलांची गाडी होती. मी फोन उलटा ठेवला.

मग पहाटे स्वप्न आलं. तेच धुकं. बापू उकिडवे बसले होते. त्यांच्या डोक्यावरच्या पागोट्याची एक सैल घडी कानावर आली होती आणि ते ती मागे सारत होते. किणकिण सुरू झाली. मी त्यांना विचारलं, "पाणी वाजतं का हो?" त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. किणकिण विरली. घरघर उरली. आणि तेव्हा मला वास आला, जळलेल्या पेट्रोलचा. माझ्या स्वप्नांना एरवी वास नसतो.

मी डोळे उघडले. घरघर सुरूच होती.

मी शाल ओढून बाहेर गेले. सपरीत धुराचा एक पांढरा पट्टा धुक्यात मिसळत होता. मोटरसायकल मधल्या स्टँडवर उभी, तिच्यापुढे पाटावर एक दिवा, आणि याडी. एक हात टाकीवर ठेवून, मान तिरकी करून ती ऐकत होती. अंगणातल्या चुलीवर चहाचं भांडं होतं. ते उतू जायच्या बेतात आलं तशी तिने किल्ली फिरवली. आवाज थांबला. सगळीकडे एकदम पहाट झाली.

"उठली काय?" याडी म्हणाली. "आज लवकर उठली."

"हे तू... रोज करतेस?"

"हो न. तुले मालूम नाई? तू त घरीच असते न ऐतवारी." तिला खरोखर नवल वाटलं. "थे करत होते न. आनली तवापासून रोज पहाटे. म्हणे, विकनारा मानूस इंजिन आंधी गरम करून ठेवते. गरम झालं का सारेच गोड बोलते. थंडं असते तवाच खरं बोलते. म्हणून पहाटे उठून आयकत. चाय झाला का बंद करत." ती चुलीपाशी बसली. "थे गेले. मंग दुसऱ्या दिवशी पहाट झाली त मले समजेच ना काय कराव. मंग देवाजवळ दिवा लावला, अन् हे चालू केली. किल्ली कशी फिरवाची? त्याईनंच दाखवलं होतं. आताशा जरा वेळ लावते चालू व्हाले. थंडी हाये."

मी इंजिनावर हात ठेवला. वरची बाजू कोमट होती. खाली तेलाच्या बाजूला हात नेला तर लोखंड थंडगार होतं, रात्रभर उघड्यावर राहिलेल्या घागरीसारखं.

याडीने चहाच्या भांड्यावरचं झाकण उचललं. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओळीने घरंगळले आणि चुलीच्या दगडावर चर्र करून विरले. मी त्या झाकणाकडे पाहत राहिले.

"काय पाहून राह्यली?"

"काही नाही."

पण पाहत होते ते हेच. इंजिन जरासं तापतं, जळलेल्या पेट्रोलची आणि हवेतल्या ओलीची वाफ आत धरते. थंडी असते. वाफ उडून जाईल इतकं ते तापायच्या आत चहा होतो आणि किल्ली फिरते. वाफेचं पाणी होतं आणि तेलात उतरतं. दुसऱ्या पहाटे पुन्हा. असं रोज, दिवाळीनंतरच्या सगळ्या थंडीभर. सील गेलं नसेलही. कदाचित काचेत दिसत होती ती या घरातली प्रत्येक पहाट होती, एकीवर एक साचलेली.

कदाचित. कारण सील गेलं असलं तरी काच अशीच दिसली असती. फरक एकाच ठिकाणी कळला असता. सील गेलं तर रेडिएटरचं पाणी कमी होणार. वाफेने ते कमी होत नाही. त्या पाण्याची वरची टाकी एका झाकणामागे असते. मी बापूंच्या हत्यारांतून पेचकस आणला आणि झाकण काढलं. धुरकट पांढऱ्या टाकीत हिरवट पाणी दिसलं. आणि पाण्याच्या रेषेला लागून, टाकीवर बाहेरून, नखाने ओढलेली एक पांढरी आडवी रेघ होती.

"चुना होय थो," याडी माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाली. "तंबाखूचा. इहिरीवर बी ओढत होते तशी. पानी कुठवर हाये पाहाले."

बापूंनी गाडी आणल्यावर ओढलेली रेघ. पाणी अजून तिला टेकून उभं होतं.

मी रूपसिंगला फोन केला. रविवार होता, तरी तो आला. सगळं ऐकून घेतलं, टाकी पाहिली, डोकं खाजवलं.

"हे टाकी म्या पायलीच नाई, ताई. पन असं बी राह्यते का थोडं थोडंच जाते, अन् एक बोटभर समजत नाई." त्याने खाली तसराळं ठेवून तेल काढलं. आधी काळं तेल आलं, मग त्यात पांढऱ्या साईचे पुंजके. निव्वळ पाणी आलं नाही. "पन्नास-पन्नास," तो म्हणाला. "नवं तेल टाकतो. आता हिले जरा भाजून आना. लांब. इंजिन पक्कं तपलं पाहिजे, राह्यली-साह्यली वाफ निघाली पाहिजे. वापस आल्यावर काच पांढरी दिसली त सील गेलं, उद्या पिकअपमधी चढवू. साफ राह्यली अन् रेघ हालली नाई त..."

"त काय?" काका केव्हा येऊन उभे राहिले कळलं नव्हतं.

"त धावजीकाकाचा कान जागेवर होता."

काका माझ्याकडे वळले. "हे चालवनार? हे कालिजातली मास्तरीन? स्कुटीवाली? मोठी जड गाडी हाये थे, बाई. हातपाय मोडशीन."

"तुम्हीच शिकवलं होतं मला, काका. बापूंच्या जुन्या गाडीवर. नाल्यात पाडलंही होतं."

"थे म्या नाई पाडलं. तू पडली," काका म्हणाले, आणि स्टँडवरून गाडी उतरवायला पुढे झाले.

मी सामानाच्या पेट्यांत पाण्याची बाटली ठेवायला गेले तशी याडीने ती काढून घेतली. पेट्या उघडून आतून हात फिरवला, काही नाही ना ते पाहिलं.

"पहिली मजल हाये," ती म्हणाली. "रिकामी."

"आणि मी?"

"तू काई ओझं होय काय?"

पहिल्या वळणापर्यंत मला फक्त भीती होती. गाडी खरोखर मोठी होती. हँडल वळवलं की ती क्षणभर विचार करायची आणि मग ऐकायची. किणकिण नाल्याच्या पुलाआधीच विरली. घाटंजी सोडून पांढरकवड्याच्या रस्त्याला लागले तेव्हा धुकं अजून शेतांवर बसून होतं. शेवटच्या वेचणीला राहिलेला कापूस त्यात दिसत नव्हता. धुकंच जागोजाग बोंडांना अडकल्यासारखं वाटत होतं. तुरीची शेतं खडखडत मागे जात होती. कुठेतरी एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन बांधावर थांबली आणि मी जाईपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली.

मग ऊब आली. आधी घोट्यांना, मग गुडघ्यांना. लोखंडातून वर चढणारी, जनावराच्या अंगासारखी ऊब. तिच्याबरोबर एक वास, ओल्या मातीच्या भांड्यात पाणी तापवलं की येतो तसा. ती वाफच असावी, इतक्या पहाटांची, एकेक करून बाहेर पडणारी. मी वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही. बापू बैलाबरोबर चालत तेव्हा चाल त्याची त्याला ठरवू देत.

केळापूरला देवळाच्या वळणाशी चिंचेखाली मी जरा थांबले. इंजिन बंद केलं तसं ते तापल्या लोखंडाच्या टिकटिकीने बोलत राहिलं. काच पाहायचा मोह झाला. पाहिली नाही. अर्ध्या मजलीवर बैलाला पारखत नाहीत. देवळातून परतणाऱ्या एका म्हाताऱ्याने गाडीला एक फेरी मारली.

"कोनाची होय?"

"बापूंची."

"मंग थे कोठी हायेत?"

"पुढे गेलेत," मी म्हणाले. खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

पांढरकवड्याहून मोठ्या रस्त्याला लागले. धुकं फाटलं आणि ऊन एकदम सगळीकडे उभं राहिलं. ट्रक दक्षिणेकडे चालले होते, एकामागे एक, ताडपत्रीखाली काय काय लादलेले. मी त्यांच्या रांगेत शिरले. काही वेळाने रस्ता, मी, ते ट्रक यांतलं कोण कधीचं आहे याचा नीट अदमास लागेना. रस्त्यालगत बैलांची एक लांब रांग चालली आहे असं वाटत राहिलं, पाठीवर काही नसलेल्या बैलांची; त्यांच्या गळ्यांतल्या घंटा वाजत नव्हत्या, नुसत्या हलत होत्या. आणि मागच्या सीटवर वजन नव्हतं, पण कोणीतरी मान तिरकी करून बसलं होतं. मी मागे वळून पाहिलं नाही. वळणावर नजर काढू नये, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

पैनगंगेच्या पुलावर मी थांबले. पलीकडे तेलंगणा. खाली नदी बारीक झाली होती आणि वाळू पांढरी दिसत होती, मिठासारखी. याच रस्त्याने जात राहिलं तर समुद्र किती लांब असेल याचा मी विचार केला. फोन काढून पाहिलं मात्र नाही. गाडी वळवली.

परत आले तेव्हा सपरीपुढे आळीतली माणसं जमली होती. रूपसिंग याडीच्या हातची भाकरी खाऊन खाटेवर पेंगत होता, तो उठला. गाडी स्टँडवर घेतली. "आता जरा दम धरा," तो म्हणाला. "तेल खाली बसू द्या." इंजिनाची टिकटिक हळूहळू लांबत गेली.

मग रूपसिंगने फडक्याने काच पुसली आणि स्वतः न पाहता बाजूला झाला. "पाहा, काका."

सेवादासकाका गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. नंतर त्यांनी चष्मा काढला, धोतराने पुसला आणि पुन्हा वाकले. काचेत तेल होतं, जुन्या मधाच्या रंगाचं, आणि त्यातून ऊन आरपार दिसत होतं.

मी पाण्याच्या टाकीपुढचं झाकण काढलं. गार होत आलेलं हिरवट पाणी हळूहळू खाली उतरत चुन्याच्या रेघेला येऊन टेकलं आणि तिथेच थांबलं.

"बाप्पा," काका म्हणाले. ते सरळ झाले आणि जमलेल्यांकडे वळून, जणू इतके दिवस दुसरंच कोणी बोलत होतं, म्हणाले, "म्या म्हणत नव्हतो? भाऊ फसाचा नाई!"

कोणीतरी हसलं. "तुमी त कालच म्हणत होते का लोखंडानं—"

"काल म्या काच बराबर पायली नव्हती," काका म्हणाले. तंबाखूची डबी काढली, चिमूट घेतली आणि थोडी इंजिनापुढे पाटावर ठेवली. मग नाक शिंकरत लगबगीने घरी गेले. रूपसिंगने नागपूरवाल्याला फोन लावला आणि पिकअप इकडे वळवू नको म्हणून सांगितलं.

माणसं पांगली. याडी मात्र काचेपुढे बसून राहिली होती.

"मंग थे पांढरं कायचं होतं, संगे?"

मी उत्तर ठरवून ठेवलं होतं. थंडीचं, म्हणणार होते. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग चुलीवरच्या भांड्याकडे, त्याच्या झाकणाकडे.

"म्हनजे माह्यानंच," ती म्हणाली.

"बापूही करत होतेच."

"थे थोडेसे दिवस. म्या त रोज." ती रागावली नव्हती. हाताने काच एकदा पुसून घेतली, जसं लहान मुलाचं नाक पुसतात. "मले वाटे, इले गार नाई होऊ द्याव."

"गार झालेली चालते तिला, याडी. उभ्या उभ्या जरासं तापवलेलं नाही चालत."

"मंग आता पहाटे चालू नाई करू?"

"केली तर निघायचं. नुसती नाही करायची."

तिने मान हलवली. किल्ली कनवटीला खोचली आणि तुरीच्या शेंगा घेऊन बसली. मी सोमवारची रजा टाकली.

पहाटे मी आपोआप जागी झाले. किणकिण नाही, घरघर नाही. बापूही आले नव्हते. कुठे तरी एक कोंबडा आरवला आणि त्याच्यानंतरची शांतता इतकी मोठी होती की मी तिच्यात किती तरी वेळ बापूंना शोधत राहिले. ते स्वप्न आता पुन्हा पडणार नव्हतं. त्यांचा कान मी परत आणला होता आणि त्याच्या बदल्यात हे गेलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि त्या महिन्यांत पहिल्यांदा उशी ओली झाली.

"उठ ओ," याडीचा आवाज आला. "चाय थंडा होऊन राह्यला."

मी बाहेर आले. चूल विझवलेली होती. दिवा लागलेला होता. याडीने लुगड्यावर बापूंचा जुना स्वेटर घातला होता, वरून शाल घेतली होती आणि ती दाराला कुलूप लावत होती. मोटरसायकलच्या एका पेटीत तिने भाकरीचं फडकं ठेवलं होतं आणि दुसऱ्या पेटीत, तोल राहावा म्हणून, पाण्याची बाटली आणि तुरीची एक पिशवी.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"कोठी बी. मीठ येत होतं तिकडं." तिने कुलूप ओढून पाहिलं. "काल गेली न रिकामी मजल? दुसऱ्या मजलीले ओझं चालते."

काकांनी कुंपणापलीकडून ओरडून विचारलं की एवढ्या पहाटे निघाल्या कुठे. माझ्या खांद्याचा आधार घेऊन याडी मागे एका अंगाने बसली, शाल आवळली आणि कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

किणकिण झाली. विरली. घरघर उरली, आणि चहा होऊन गेला होता म्हणून ती कोणी थांबवली नाही.